धागा तुटला की माग थांबतो: टोयोटाच्या नावाला वजन कुठून आलं

जुन्या गाड्यांच्या बाजारात एक वाक्य हमखास कानावर पडतं: "इनोव्हा आहे साहेब, भाव कमी होणार नाही." गाडी दोन-अडीच लाख किलोमीटर पळालेली असते, सीटचं कापड विटलेलं असतं, दारावर ओरखडे असतात, तरी मालक आपल्या आकड्यावर ठाम असतो. आणि घेणाराही फार घासाघीस करत नाही, कारण अजून तेवढीच पळेल अशी त्याची खात्री असते.

ही खात्री आली कुठून? "जपानी माणूस शिस्तीचा आणि कामसू" हे तयार उत्तर मला कधीच पटलं नाही. टोयोटाचे पहिले ट्रकही जपानी माणसांनीच बनवले होते, आणि ते वाटेत बंद पडायचे. अमेरिकेत पाठवलेली पहिली कार तर अक्षरशः धापा टाकायची. म्हणजे हा गुण रक्तातला नव्हता, कमावलेला होता. तो कसा कमावला हे समजायचं तर गाडीचं बॉनेट उघडून उपयोग नाही. आधी मागाजवळ जावं लागतं.

हे मी जरा हक्काने सांगतो, कारण मी इचलकरंजीचा. माझे वडील साध्या यंत्रमागावर काम करायचे, एका वेळी चार माग बघायचे. साध्या मागाची अडचण अशी की त्याला काही कळत नाही. उभ्या धाग्यांपैकी एखादी तार तुटली तरी माग खडखड करत विणतच राहतो. वडील पलीकडच्या मागावर कांडी, म्हणजे आडव्या धाग्याची गुंडाळी, बदलत असले की इकडे तुटलेली तार शेजारच्या तारांत अडकायची आणि हातभर कापडात खोट उमटायची. ते कापड सेकंडमध्ये जायचं आणि मजुरीतून पैसे कापले जायचे. दिवसभर त्यांची नजर चार मागांवर भिरभिरत असायची. ते घरी येऊन बसले तरी डोळे तसेच फिरत राहायचे, हे मला आजही आठवतं.

नेमक्या याच दुखण्यावर जपानमधल्या एका सुताराच्या मुलाने औषध शोधलं. साकिची तोयोदा यांचा जन्म १८६७चा, आजच्या शिझुओका प्रांतातल्या एका खेड्यातला. त्यांनी लहानपणापासून आईला हातमागावर राबताना पाहिलं होतं. १८९०मध्ये त्यांनी सुधारलेला लाकडी हातमाग केला आणि १८९६मध्ये यंत्रावर चालणारा माग. या दुसऱ्या मागात आडवा धागा तुटला किंवा संपला की माग आपोआप थांबायचा. पुढची जवळजवळ तीस वर्षं ते यातच खपले आणि १९२४मध्ये त्यांचा 'जी' प्रकारचा स्वयंचलित माग तयार झाला. कांडी संपत आली की हा माग वेग कमी न करता स्वतःच धोटा, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणारा भाग, बदलायचा. पण मला जास्त भावते ती दुसरी करामत.

ती जवळून बघण्यासारखी आहे. मागावर हजारो उभे धागे ताणलेले असतात. प्रत्येक धाग्यावर पोलादाची एक पातळ, बोटभर लांब पट्टी लटकवलेली असते. धागा ताठ आहे तोवर पट्टी वर तरंगत राहते. धागा तुटला की आधार जातो, पट्टी खाली पडते, खालच्या यंत्रणेत अडकते आणि सगळा माग जागच्या जागी थांबतो. यात वीज नाही की संगणक नाही. तुटलेला धागा स्वतःच सांगतो की मी तुटलो.

याचा परिणाम काय झाला? खोटेचं कापड निघणंच थांबलं. आणि माग चालतोय तोवर सगळं ठीक आहे याची हमी असल्यामुळे माणसाला त्याच्याकडे टक लावून बसायची गरज उरली नाही. एक बाई तीस-तीस माग सांभाळू लागली. १९२९मध्ये इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या ओल्डहॅम गावातल्या प्लॅट ब्रदर्स या कंपनीने या मागाच्या हक्कांसाठी एक लाख पौंडांचा करार केला. ज्या लँकेशायरने जगाला यंत्रावर कापड विणायला शिकवलं, त्याने जपानी मागाचे हक्क विकत घेतले. ही त्या काळातली फार मोठी गोष्ट होती.

पुढे टोयोटाने या तत्त्वाला 'जिदोका' हे नाव दिलं. जपानीत 'आपोआप चालणं' या अर्थाचा एक शब्द आहे. त्याच्या मधल्या अक्षरात 'माणूस' दाखवणारी खूण जोडली की हा शब्द होतो. यंत्र नुसतं आपोआप चालू नये, चुकलं तर त्याने माणसासारखं भान ठेवून थांबावं, असा त्याचा भाव. या लेखातला एकच शब्द लक्षात ठेवायचा असेल तर तो हाच.

साकिचींचा मुलगा किइचिरो मेकॅनिकल इंजिनिअर. त्याला गाड्यांचं वेड. तेव्हा जपानच्या रस्त्यांवर अमेरिकन गाड्यांचं राज्य होतं. फोर्डने योकोहामात आणि जनरल मोटर्सने ओसाकात जुळणीचे कारखाने टाकले होते. १९३३मध्ये किइचिरोंनी मागाच्या कारखान्यातच मोटारींचा विभाग सुरू केला, १९३५मध्ये पहिला ट्रक बाजारात आणला आणि १९३७मध्ये स्वतंत्र कंपनी उभी राहिली. घराणं तोयोदा, मग कंपनी टोयोटा कशी? नवं नाव जपानी लिपीत आठ फटकाऱ्यांत लिहून होतं आणि तिकडे आठ हा शुभ आकडा. शिवाय तोयोदा म्हणजे सुपीक भातखाचर. यंत्राच्या कंपनीला घराण्यापासून थोडं वेगळं नाव बरं, असाही विचार झाला.

पहिले ट्रक वाईट होते, हे कंपनी स्वतःही लपवत नाही. बिघाड इतके व्हायचे की दुरुस्तीला माणसं धावत जायची. मग युद्ध आलं. जपानच्या शरणागतीच्या आदल्याच दिवशी, १४ ऑगस्ट १९४५ला, कारखान्यावर बॉम्ब पडले.

पण टोयोटाला खरं घडवलं ते १९५०ने. युद्धानंतरच्या मंदीत गाड्या विकल्या जाईनात. गोदामं भरलेली, बँका दारात उभ्या. कामगारांना काढणार नाही असा शब्द किइचिरोंनी दिला होता, पण तो पाळता येईना. कामगारांनी संप केला. शेवटी सुमारे दोन हजार लोकांना जावं लागलं, आणि त्यांच्याबरोबर किइचिरोंनीही अध्यक्षपद सोडलं. त्याच जूनच्या अखेरीस कोरियाचं युद्ध पेटलं, अमेरिकी सैन्याने ट्रकची मागणी नोंदवली आणि कंपनी तरली. किइचिरो मात्र १९५२मध्ये, सत्तावन्नाव्या वर्षी गेले. कंपनीला बरे दिवस आलेले त्यांना बघायला मिळाले नाहीत.

या धक्क्यातून कंपनीने दोन गोष्टी मनाशी बांधल्या. विकला न जाणारा माल बनवून गोदाम भरणं म्हणजे गळ्यात धोंडा बांधून घेणं, ही पहिली. कामगाराला पुन्हा असं रस्त्यावर यायला लागू नये, ही दुसरी.

पहिल्या गोष्टीवर काम केलं ताइइची ओनो यांनी. तेही मूळचे तोयोदांच्या कापड गिरणीतलेच, १९४३मध्ये मोटारीकडे आलेले. त्यांची पद्धत जगभरच्या व्यवस्थापनाच्या वर्गांत अवघड नावांनी शिकवली जाते, पण आपल्या प्रत्येक घरात ती रोज चालू असते. घरात गॅसचे दोन सिलिंडर असतात. एक संपला की दुसरा लावायचा आणि लगेच नंबर लावायचा. स्वयंपाकघरात दहा सिलिंडर कोणी रचून ठेवत नाही, आणि एजन्सीही मनाला येईल तेव्हा आणून टाकत नाही. रिकामा झालेला सिलिंडर हीच मागणी. ओनोंना ही कल्पना अमेरिकेतल्या सुपरमार्केटवरून सुचली. तिथे गिऱ्हाईक फळीवरून जेवढं उचलतं तेवढंच दुकानदार मागून भरतो. त्यांनी सुट्या भागांच्या खोक्यांना एकेक कार्ड लावलं, त्यालाच 'कानबान' म्हणतात. खोकं वापरायला घेतलं की कार्ड मागे जातं आणि कार्ड आलं तरच मागचा माणूस नवे भाग बनवतो. हवं ते, हवं तेव्हा, हवं तेवढंच.

याचा दर्जाशी काय संबंध? फार जवळचा आहे. गोदामात पाचशे गिअर पडून असतील तर त्यातले तीस खराब आहेत हे महिनाभराने कळतं, आणि तोवर ते कोणी, कोणत्या यंत्रावर, कशामुळे बिघडवले याचा पत्ता लागत नाही. पाचच गिअर असतील तर पहिला खराब निघताच काम अडतं आणि चूक गरमागरम हाती लागते. कमी साठा म्हणजे पैशांची बचत असं बहुतेकजण समजतात. माझ्या मते ती बचत हा वरचा नफा. खरा फायदा हा की चुकीला लपायला जागाच उरत नाही.

चूक हाती लागल्यावर काय करायचं, याचंही ओनोंचं एक साधं उदाहरण आहे. यंत्र बंद पडलं. का? फ्यूज उडाला. का? भार जास्त झाला. का? बेअरिंगला पुरेसं तेल मिळालं नाही. का? तेलाचा पंप नीट ओढत नव्हता. का? पंपाचा दांडा झिजला होता, कारण त्याला गाळणी नव्हती आणि धातूचा कीस आत जात होता. फ्यूज बदलून आपण मोकळे झालो असतो तर आठवड्याने तो पुन्हा उडाला असता. गाळणी बसवली की प्रश्न कायमचा मिटला. एक गोष्ट मात्र बघा: या पाच प्रश्नांत 'कोणी केलं?' हा प्रश्न एकदाही येत नाही.

जिदोकाने मागावरून गाडीकडे उडी घेतली ती एका दोरीतून. गाड्या जोडायच्या लाइनच्या कडेने, डोक्यावर एक दोरी असते. हल्ली काही ठिकाणी बटण असतं. कोणत्याही कामगाराला काही खटकलं, बोल्ट नीट बसेना, आवाज वेगळा आला, की त्याने ती ओढायची. दिवा लागतो, म्होरक्या धावत येतो. गाडी पुढच्या टप्प्यावर जायच्या आत प्रश्न सुटला तर ठीक, नाही तर लाइन थांबते. ढिला बोल्ट तिथेच सापडला तर मिनिटाचं काम. पुढे गेला की त्यावर गालिचा, त्यावर सीट, आणि मग तो थेट मालकाला घाटात सापडतो.

इथे एक गोष्ट सोपी वाटते, पण मुळीच सोपी नाही. साध्या कामगाराला लाखोंचं उत्पादन थांबवायचा हक्क देणं हे एक. आणि त्याने तो वापरल्यावर त्याला न रागावणं, उलट "बरं झालं सांगितलंस" म्हणणं हे दुसरं. मागाची पट्टी घाबरत नाही. माणूस घाबरतो. माझ्या वडिलांना अशी दोरी मिळाली असती तरी त्यांनी ती ओढली असती का, याचं उत्तर मला आजही खात्रीने देता येत नाही.

या पद्धतीची सर्वांत मोठी परीक्षा जपानबाहेर झाली. त्याआधी टोयोटा अमेरिकेत एकदा सपाटून पडली होती. १९५७मध्ये क्राउन ही कार तिकडे नेली. जपानच्या खडबडीत रस्त्यांसाठी बांधलेली ती जड गाडी अमेरिकेच्या महामार्गावर वेग पकडेना, इंजिन तापायचं. पहिल्या पूर्ण वर्षात तीनशेही गाड्या खपल्या नाहीत आणि १९६०मध्ये गाडी माघारी घ्यावी लागली. १९६६ला कोरोला आली, १९७३च्या तेलसंकटाने लहान, कमी पेट्रोल पिणाऱ्या गाड्यांना दिवस आले आणि चित्र पालटलं. कोरोला आजवर पाच कोटींहून जास्त विकली गेली आहे.

परीक्षा झाली ती १९८४मध्ये, कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला. तिथला जनरल मोटर्सचा कारखाना १९८२मध्ये बंद पडला होता. दांड्या, भांडणं, दारू, मालक-कामगार वैर, सगळ्यासाठी बदनाम. तिथला मोठा अलिखित नियम म्हणजे काहीही झालं तरी लाइन थांबवायची नाही. इंजिन उलटं बसलं तरी गाडी पुढे ढकला, मागे अंगणात बघू. टोयोटाने जनरल मोटर्सच्या भागीदारीत तोच कारखाना उघडला आणि बहुतांश तेच जुने कामगार परत घेतले. काहींना जपानला नेऊन शिकवलं. त्यांच्या हाती तीच दोरी दिली. थोड्याच काळात तिथून निघणाऱ्या गाड्यांचा दर्जा जपानमधल्या गाड्यांच्या जवळ जाऊन पोचला. दोष माणसांत नव्हता हे त्या दिवशी सिद्ध झालं. म्हणूनच "जपानी रक्त" ही गोष्ट ऐकली की मला राग येतो. अमेरिकेच्या मजुराला जमलं ते आपल्यालाही जमतं.

कमी साठ्याची पद्धत दुधारी आहे, हेही खरं. १ फेब्रुवारी १९९७ला जपानमधल्या कारियातल्या आयसिन या पुरवठादार कंपनीच्या कारखान्याला आग लागली. तिथे ब्रेकचा एक छोटासा व्हॉल्व बनायचा आणि टोयोटाच्या जवळजवळ सगळ्या गाड्यांना तो तिथूनच जायचा. साठा काही तासांपुरताच होता, त्यामुळे जपानमधले टोयोटाचे बहुतेक कारखाने ठप्प झाले. मग आजूबाजूचे पुरवठादार, त्यात शिलाई मशीन बनवणारी ब्रदर कंपनीसुद्धा, आराखडे घेऊन तो व्हॉल्व बनवायला बसले आणि आठवडाभरात गाडं रुळावर आलं. वर्षानुवर्षं पुरवठादारांशी धरलेली नाती अशी उपयोगी पडली. २०११च्या भूकंपानंतर मात्र टोयोटाने चिपसारख्या काही नाजूक वस्तूंचा काही महिन्यांचा साठा ठेवायला लावलं.

नावाला तडा गेला तो पुढे, आणि तो तडा मला या सगळ्या गोष्टीतला सर्वांत शिकण्यासारखा भाग वाटतो. २००८मध्ये टोयोटाने विक्रीत जनरल मोटर्सला मागे टाकलं. २००९मध्ये कॅलिफोर्नियात टोयोटाच्याच एका लेक्सस गाडीचा अॅक्सिलरेटर पायपुसण्यात अडकला आणि अपघातात चौघे गेले. काही गाड्यांचं पेडल दाबलेलंच राहत होतं, हेही बाहेर आलं. जगभरात लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. किइचिरोंचे नातू आकियो तोयोदा फेब्रुवारी २०१०मध्ये अमेरिकी संसदेपुढे उभे राहिले आणि म्हणाले की आम्ही जरा जास्तच वेगाने वाढलो, सुरक्षितता आधी, मग दर्जा, मग संख्या हा क्रम आमच्याकडून विस्कटला. इलेक्ट्रॉनिक्समध्ये दोष आहे का हे नासाच्या अभियंत्यांनी तपासलं, त्यांना तसा पुरावा सापडला नाही. तरीही ग्राहकांची दिशाभूल केली म्हणून २०१४मध्ये कंपनीला अमेरिकेत १२० कोटी डॉलर भरावे लागले. धागा तुटलेला कंपनीला दिसला होता. माग थांबवायला मात्र उशीर केला.

आपल्याकडे टोयोटा आली ती किर्लोस्करांचं बोट धरून, आणि हा योग मला नेहमीच सुंदर वाटत आला आहे. साकिची १८६७चे, लक्ष्मणराव किर्लोस्कर १८६९चे. एकाने मागापासून सुरुवात केली, दुसऱ्याने बेळगावच्या सायकलच्या दुकानापासून. लोखंडी नांगराने जमीन नासते असं म्हणून शेतकरी लक्ष्मणरावांच्या नांगराला हात लावत नव्हते, पण त्यांनी तो विकूनच दाखवला. या दोन घराण्यांची मोटारीतली भागीदारी १९९७ला, बंगळूरजवळच्या बिडदीत. पण त्याआधी दोघे एकत्र आले होते ते सूतगिरणीच्या यंत्रांसाठी. २०००मध्ये क्वालिस आली, २००५मध्ये इनोव्हा, २००९मध्ये फॉर्च्युनर. शिर्डी-पंढरपूरच्या सहलींपासून मंत्र्यांच्या ताफ्यापर्यंत पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. एक व्यवहाराची गोष्ट सांगून ठेवतो: ग्लान्झा ही मुळात मारुतीची बलेनो. सुझुकीशी झालेल्या करारातून ती टोयोटाच्या नावाने विकली जाते. गाडी वाईट नाही, पण इनोव्हाचा इतिहास तिच्या नावावर जमा करू नका.

आणि मग जानेवारी २०२४. त्याच्या महिनाभर आधी टोयोटाच्या गटातल्या दाइहात्सू कंपनीने सुरक्षा चाचण्यांत वर्षानुवर्षं गैरप्रकार केल्याचं उघड झालं होतं. आता टोयोटा इंडस्ट्रीजची पाळी आली. ही कंपनी म्हणजे साकिचींचा मूळचा मागाचा कारखाना. डिझेल इंजिनांच्या सरकारी चाचणीत शक्तीचे आकडे एकसारखे दिसावेत म्हणून तिथे विक्रीच्या गाड्यांपेक्षा वेगळं सॉफ्टवेअर वापरलं होतं. चौकशांत दिसलं ते हेच, की मुदतीचं दडपण आणि वर सांगायची भीती. बिडदीतून इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर आणि हायलक्सची रवानगी थांबली, ती फेब्रुवारीत पुन्हा सुरू झाली. आकियोंनी माफी मागितली ती नागोयातल्या संग्रहालयात, तोयोदांच्या जुन्या कापड कारखान्याच्या जागेवर. तो 'जी' माग तिथेच जपून ठेवलेला आहे.

१९५०च्या दुसऱ्या धड्याकडे, कामगाराकडे, मी मुद्दाम शेवटी येतो आहे. २०२०च्या नोव्हेंबरात कामगारांशी झालेल्या तंट्यातून व्यवस्थापनाने बिडदीच्या कारखान्याला टाळं लावलं आणि तो तंटा काही महिने चालला. कामाचा बोजा वाढवला जातोय ही कामगारांची तक्रार होती. जुलै २०२४मध्ये टोयोटा किर्लोस्करने महाराष्ट्र सरकारशी छत्रपती संभाजीनगरला सुमारे वीस हजार कोटींचा कारखाना टाकण्याचा करार केला आहे. त्या लाइनवर पैठण-गंगापूरची पोरं उभी राहतील. त्यांच्या डोक्यावर ती दोरी असेलच. ती ओढल्यावर त्यांच्याशी कोण कसं बोलतं, हे मला एकदा तिथे जाऊन बघायचं आहे.